डब्यातल्या मासळीचं चीज

२ जून १९५१, शनिवार

आज पण तेच! "छान झालंय."

सुक्या बोंबलाचं कालवण बुडाला लागलं होतं. घरभर करपट वास. अम्मांनी ताट सरकवलं, मी दोन घास पाण्याबरोबर ढकलले. आणि ह्यांनी सगळं पुसून खाल्लं, हात धुतला, आणि म्हणाले काय, तर छान झालंय. वर आणखी — "तकलीफ झाली तुला."

तकलीफ! बायकोला कोण म्हणतं असं? पाहुणा म्हणतो. भाड्याच्या खोलीतला बिऱ्हाडकरू म्हणतो.

हे म्हणजे माझा नवरा. सुलेमान. घे, लिहिलं! तोंडानं कधी नाव घेतलं नाही, पण कागदाला काय चावतंय? अम्मांना, म्हणजे माझ्या सासूला, अक्षरओळख नाही. ह्यांना उर्दूशिवाय वाचता येत नाही. मी एकटी मराठी सातवी पास, तेव्हा इथे मी काय वाटेल ते लिहिणार.

शेवटच्या आगबोटीनं आले. आता पावसाळाभर बोट बंद. जहाजावर भंडारी आहेत — खलाशांचा सगळा सैपाक ह्यांच्या हातचा. लग्नाला नऊ वर्षं झाली, त्यातले महिने किती घरात काढले ते बोटांवर येतील. पण मागच्या खेपेला कसे होते! आल्या दिवशी चुलीशी जाऊन बसले. कालवणात बोट बुडवून, "हाजरा, कोकम कमी." भात बघून, "हाजरा, हा काय चिखल?" चहात साखर कमी पडली तर कप आपटायचे. मी चिडायची. रडलेसुद्धा एकदा, की मेल्याला माझ्या हातचं काही म्हणून रुचत नाही.

यंदा चुलीकडे फिरकले नाहीत. पडवीत बसतात आणि खाडीकडे बघतात. विचारलं तर म्हणाले, "ईद झाली की मुंबईला जातो. पुढच्या जहाजावर नाव लावून येतो."

आले नाहीत तोच जायची भाषा!

४ जून

माजघरात दोन ठिकाणी गळतंय. काल सांगितलं. आज न बोलता वर चढून कौलं सारखी केली. खाली उतरून मलाच विचारतात, "आणखी काही काम आहे?" गडी काय हा!

६ जून, बुधवार

ढगांत चांद कुठला दिसायला! मशिदीतून सांगावा आला, उद्या रोजा. अम्मांनी खजूर मोजून डब्यात ठेवले नि डबा स्वतःच्या उशाशी.

मगरिबच्या नमाजानंतर दुआ मागितली. एकच. दुसरं काही सुचलंच नाही. या अल्ला, ह्यांना राहू दे. जहाज नको, मुंबई नको, इथे राजिवड्यात राहू दे. कमी खाऊ. माडांवर भागवू. पण असं पाहुण्यासारखं येणं-जाणं मला आता सोसत नाही. घरात मूल नाही. अम्मा उठता-बसता सुनावतात, जसं काही ते मी एकटीनं खाडीकाठावर गोळा करून आणायचंय.

मागून झालं तरी बसून राहिले. मन कुठे म्हणून ठरत नाही.

९ जून, शनिवार

आज अकबरभाई येऊन गेले. राजापूरचे, ह्यांच्याच जहाजावर आगवाले, बॉयलरला कोळसा घालणारे. रत्नागिरीत काहीतरी काम होतं, गाडीला अवकाश होता म्हणून पडवीत टेकले. हे मशिदीत गेलेले. बरंच झालं.

मी दाराआडून विचारलं, "भाई, तिकडे काही झालं काय? हे बोलत नाहीत."

तर हिवाळ्यात ह्यांना मोठा ताप आला होता म्हणे! विलायतेच्या बंदरात उतरवून इस्पितळात ठेवलं. मला एक अक्षर कळवलं नाही! अकबरभाई म्हणाले, "भाभी, वाचले हेच खूप. आमच्या जहाजाचा फेरा होऊन आम्ही घ्यायला गेलो तर नुसती हाडं. पुढे पण जहाजावर दम नव्हता, भटारखाना सोडवला त्यांचा, डेक पुसायला घातलं. हलकं काम."

मी विचारलं, खायचे काय तिथे? तर हसले. "काही नाही. एक पाय तेवढा खायचे. मडम करून आणायची इस्पितळात — डब्यातल्या मासळीचा पाय. वाडगं पुसून खायचे! पुढे जहाजावर पण आमच्या दुसऱ्या भंडाऱ्याकडून करवून घ्यायचे. बाकी सगळं नावाला चिवडायचे."

तेवढ्यात गाडीची वेळ झाली नि ते छत्री उघडून पळाले.

मासळीचा पाय?

आणि मडम कोण?

१० जून

झोपच नाही. मडम. गोरी असणार. मडमा गोऱ्याच असतात.

अम्मांना विचारलं, माशाला पाय असतो का हो? म्हणाल्या, "आपल्याकडे नाही. विलायतेत असेल. तिकडे काय नाही?"

खेकडा म्हणावा तर अकबरभाई मासळी म्हणाले. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या मला कळलं. पाय म्हणजे पायेच! बकऱ्याचे पाये, आपण रमजानात करतो तसेच, पण मासळी घालून. गोऱ्या लोकांचा काय नेम! चहात लिंबू पिळतात.

करणार. उद्याच करणार. मडमेला जमतं ते मला जमत नाही होय? मी राजिवड्याची आहे!

११ जून, सोमवार

केले.

लिहायला लाज वाटते. कसायाकडून चार पाये आणले, दुपारभर शिजवले, आणि त्यात सुके बांगडे सोडले. पावसात ताजी मासळी कुठून आणू? होड्या सगळ्या वर ओढून झापांखाली. घरात जो काही वास सुटला तो मी जन्मात विसरणार नाही. शेजारच्या जन्नतखाला कुंपणावरून विचारतात, "हाजरा, काही मेलंय का गो तुमच्याकडे?"

रोजा सोडल्यावर वाढलं. अम्मांनी वाटी नाकाशी नेली. "तौबा तौबा! मना नको!" आणि खजुराचा डबा घेऊन आत गेल्या.

ह्यांनी खाल्लं. सगळं! हाडं चोखली.

"छान झालंय."

मी हात जोडायचे तेवढे बाकी राहिले. म्हटलं, "अहो, खरं सांगा, तुमच्या त्या इस्पितळातल्यासारखं झालं काय?" तर असे बघत राहिले माझ्याकडे. "इस्पितळाचं कोणी सांगितलं?" मी म्हटलं, अकबरभाई. मान खाली घातली नि उठून गेले.

म्हणजे मडम आहेच!

१३ जून, बुधवार

विमलाकडे जाऊन आले. शाळेत आम्ही एका बाकावर होतो. आता ती सरकारी दवाखान्यात नर्स आहे. शिकली मिरजेला, मिशनच्या मडमांच्या हाताखाली. तेव्हा मडमांचं तिला ठाऊक.

पाये नि बांगडा सांगितल्यावर ती खाटेवर आडवी पडून हसली. डोळ्यांतून पाणी. मी रागावून उठायला लागले तर हात धरून बसवलं.

"अगं बये, पाय नव्हे, पाय!"

"तेच म्हणते मी."

"नाही गं. हा पाय म्हणजे पाय नाही. हा इंग्रजी पाय. भाजायचा प्रकार असतो, भांड्यात घालून. मिरजेला आमच्या मडमा मकरोनी घालून करायच्या. मकरोनी म्हणजे पोकळ शेवया. त्या उकडायच्या, डब्यातली मासळी कुस्करायची, दूध-मैदा-लोणी शिजवून दाटसर रस करायचा, सगळं एकावर एक घालायचं, आणि वर चीज."

"कसली चीज?"

"चीजच."

"अगं पण कुठली चीज? चीजेला नाव असेल ना काही!"

"चीज हेच नाव! दुधाचं करतात. साबणाच्या वडीसारखं दिसतं."

साबण! मग आम्ही दोघी हसलो. रोज्याचं तोंड सुकलेलं, तरी हसले. किती दिवसांनी हसले मी. निघताना विमला म्हणाली, "आजारी माणसाला मडमा हेच देत. मऊ, गरम. उगाच सवत शोधू नकोस त्यात."

सवत शोधत नाही मी. पण तिच्या हातचं खाऊन ह्यांनी वाडगं पुसलं, आणि माझ्या हातचं खाऊन नुसतं छान म्हणतात. दोन्हींत फरक आहे. तो विमलाला कळायचा नाही, तिचं लग्न झालेलं नाही.

१४ जून

ट्रंकेत सगळं होतं! ह्यांच्याच ट्रंकेत! सुवासिक साबण, अम्मांना शाल, त्याखाली मासळीचे तीन डबे, मकरोनीचं पुडकं, आणि चीजेचा गोल डबा. आल्यापासून उघडून दाखवलं नव्हतं.

म्हटलं, "हे कुणासाठी?"

"असंच. राहू दे."

"मी करू? पाय?"

आणि बघितलं माझ्याकडे. खरंच बघितलं. आल्यापासून पहिल्यांदा! "तू? मकरोनी?" ओठ हलले, हसल्यासारखं झालं. मग म्हणाले, "वरचा थर कुरकुरीत झाला पाहिजे. चमचा मारला की आवाज आला पाहिजे. आणि खाली मऊ."

मी वाट बघितली. पुढे काही नाही. मीठ किती, मिरी घालायची की नाही, मासळीतलं तेल टाकायचं की ठेवायचं, एक शब्द नाही. मागच्या खेपेला साध्या आमटीवर अर्धा तास बोलणारा माणूस!

पण हसल्यासारखं झालं. ते मी बघितलं. आज मी खूश आहे. लिहून ठेवते.

१६ जून, शनिवार

डब्यावरचं चित्र अम्मांना दाखवलं. चष्मा लावून, डबा उजेडात फिरवून बघितला.

"ही तर तारली! माडांना खत घालतो ती! आमची तारली विलायतेला जाऊन, डब्यात बसून, आगबोटीनं परत आली? आणि माझा लेक ती खातो? हाजरा, दोन पावलांवर बंदर हाय आपलं. लोकं काय म्हणतील?"

म्हटलं, अम्मा, पावसात कुठली आलीय मासळी? "मग सुकट खा! मेलेल्या मासळीला पत्र्याचं कफन कशाला?"

त्यांचा तोंडाचा पट्टा चालू झाला की पाऊस परवडला.

१७ जून

आता नवीनच पेच. रोजा असताना मीठ चाखायचं कसं? रोजचं कालवण अंदाजानं होतं, हात बसलेला आहे. हा परका पदार्थ! पहिल्यांदा करणार, डोळे मिटून कसं करू?

जन्नतखालांकडे गेले. पोरींना कुराण शिकवतात, धर्माचे मसले सगळे तोंडपाठ. म्हणाल्या, जिभेच्या शेंड्यावर ठेवून, बघून, थुंकून टाकायचं. घशाखाली थेंब नको. "पण कुणाला मुभा, ठाऊक हाय? जिचा नवरा तापट असेल तिला. जेवणावरून आकांडतांडव करणारा. तुझा हाय काय तसला?"

मी पदराचा सुटलेला धागा ओढला.

"बोल की गो. हाय की नाय?"

होता, असं सांगणार होते. आता नाही. आता मीठ कमी, तिखट जास्त, करपलं, नासलं, सगळं छान! अशा नवऱ्याच्या बायकोला मुभा नाही. बघ काय नशीब! शहाण्या बायका गरीब स्वभावाच्या नवऱ्यासाठी दुआ मागतात, आणि मी तिथे उभी राहून मनात म्हणते, या अल्ला, मला माझा तापट परत दे.

खालांना म्हटलं, "नाही. तापट नाही." खोटं कसं बोलू? रोजा होता.

१९ जून

मैदा मिळाला. रेशनच्या दुकानात नाही, विमलाकडून. उद्या.

२० जून, बुधवार

सगळं लिहिते. हात अजून मिठाचे आहेत.

दुपारच्या नमाजानंतर लागले. डबा उघडायचा कशानं? कोयती घेतली. पहिल्या घावाला तेल उडून भिंतीवर. अम्मा दारात उभ्या, "कोंबडा कापतेस की मासळी?" बोटाला पत्रा लागला. चिंधी बांधली नि पुढे.

मकरोनी उकडायला टाकली. पाण्यात मीठ टाकलं, विमलानं सांगितलं होतं. मग लोण्यावर मैदा, त्यात दूध. पहिलं दूध फाटलं! गेलं. रडायलाच बसले मी चुलीपुढे. दुसरं दूध आणायचं कुठून? मग म्हटलं, नारळ कुठे गेलेत! दोन नारळ खवले, घट्ट दूध काढलं, ते घातलं. ढवळत राहिले, ढवळत राहिले. छान दाट आलं. त्यात मीठ टाकलं.

मन ठिकाणावर नाही. पडवीत हे खोकले की वाटतं, आता आत येतील, बोट बुडवतील, म्हणतील, हाजरा — पण रोजा आहे, बोट कसं बुडवतील? आणि रोजा नसता तरी आले नसते. डोक्यात ईद. ईद झाली की कोल्हापूरची गाडी, तिथून मुंबई. अम्मा आत आल्या. "मीठ घातलंस काय?" घातलं होतं? पाण्यात घातलं ते आठवलं. रसात घातलं की घालणार होते? परत घातलं. आता मला कळतंय, मासळी खारी, चीज खारी, आणि वरून माझं तीनदा. तेव्हा कुणी सांगावं! चाखायला मिळतं तर एका थेंबात कळलं असतं.

जाड बुडाच्या पातेल्यात थर लावले. चीज किसली, खरंच साबणासारखी. ईदेला रव्याचा रोट भाजतो तसा खाली निखारा, झाकणीवर निखारा. करवंट्या कोरड्या ठेवल्या होत्या म्हणून बरं. वारा आला की राख उडते, निखारा विझतो, पुठ्ठ्यानं वारा घाला. पाठ मोडली. पण झाकणी उचलली नि — काय रंग! पिकलेल्या काजूच्या बोंडासारखा! कडेला बुडबुडे येतायत! अम्मासुद्धा वाकून बघायला लागल्या.

बांग झाली. खजूर, पाणी. मग मी पातेलं मधे ठेवलं.

ह्यांनी चमचा मारला. कुर्र! आवाज झाला. मला वाटलं माझ्या छातीतच झाला. हे डोळे मिटून खायला लागले. मिटून! चघळतायत, हळूहळू, वरचं कुरकुरीत बाजूला काढून शेवटाला ठेवतायत, पोरं ठेवतात तसं. मी बघत बसले. मला स्वतःला वाढून घ्यायचं भान नाही. दुसऱ्यांदा मागितलं! नऊ वर्षांत मागच्या खेपांनासुद्धा मागितलं नसेल असं, वाटी पुढे करून.

आणि तेवढ्यात अम्मांनी पहिला घास घेतला. घेतला नि उठून पडवीतून बाहेर थुंकल्या.

"खाडी ओतलीस काय गो ह्यात! खारट ढोण!"

मी घास घेतला. खरंच. तोंडात धरवेना. जीभ आत ओढली गेली.

हे चमचा हातात धरून बसलेले. अम्मांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, वाटीकडे बघितलं. चोरी करताना पकडल्यासारखा चेहरा. आणि मग म्हणाले — "छान झालंय." आणि वाटी संपवली.

कशाचं चीज नि कशाचं काय! विमलाचा मैदा, दोन नारळ, कापलेलं बोट. केल्याचं चीज म्हणतात ते हेच असेल तर नको मला.

२१ जून

भांडले. रोजा असताना भांडले, अल्ला माफ करो.

म्हटलं, "खोटं का बोलता? मी काय साहेबाच्या घरची बाई आहे, मला थँक्यू म्हणायला? खारट होतं तर वाटी आपटायची होती! मागे आपटत होता की! का बोलत नाही? माझ्या हाताला नाव ठेवायची पण इच्छा उरली नाही काय? मी तुमची कोण, खाणावळवाली?"

हे कौलांकडे बघत होते.

"खाल्लं ना मी?" म्हणाले. "मग?"

"का खाल्लंत? कीव आली?"

"हाजरा, ओरडू नको. अम्मा ऐकतील."

"ऐकू देत! त्या निदान थुंकल्या तरी. खरं वागल्या. तुम्ही गिळलंत."

काहीतरी बोलणार होते. घशापर्यंत आलेलं मला दिसलं. मग गिळलं तेही. "ईद झाली की जातो मी," म्हणाले, आणि टोपी घालून बाहेर पडले. छत्री न घेता.

२२ जून, शुक्रवार

बोललो नाही. उरलेलं कोंबड्यांना घातलं. कोंबड्यांनी पण तोंड लावलं नाही.

२४ जून, रविवार

जन्नतखाला म्हणाल्या, "जाऊ दे गो त्याला, दर्यावर्दी माणसाला जमीन मानवत नाही." अम्मा म्हणाल्या, "तू जास्त बोलतेस म्हणून तो बोलत नाही." विमला म्हणाली, विचार सरळ. विचारलं की! सगळं विचारलं! नुसती बसले तर पाय हलत राहतात, झाडायला घेतलं तर अर्ध्यात झाडू टाकून उठते. आज एकच हंडा तीनदा घासला.

मला मडम आता खरी वाटत नाही. मडम असती तर मनासारखं काही खाताना माझ्यासमोर डोळे मिटले नसते. ह्यांचं मन माझ्यावरून उडालंय, एवढंच. राग पण येत नाही इतकं उडालंय. रागवायला माणूस आपलं लागतं.

म्हणून ठरवलंय. वेडेपणा आहे, ठाऊक आहे. उद्या रोजा सोडल्यावरचा चहा. साखर नाहीच. मीठ घालणार, दोन चमचे, चांगले शिगोशीग. मुद्दाम! बघते कसा राग येत नाही. कप आपटू दे, बशी फोडू दे, माझ्या बापाचा उद्धार करू दे. ओरडले तर माझे आहेत, मग मी पदर धरून बसेन, जाऊ देणार नाही. आणि नाही ओरडले, खाली ठेवला कप नि मुकाट्यानं उठून गेले, तर मग जाऊ दे. मग मी पण नाही अडवणार.

२५ जून, सोमवार

चहा दिला. समोर बसले. एकेक घोट बघितला.

सगळा प्यायला. बशीत सांडलेला पण. कप खाली ठेवला, आणि परवाच्या भांडणावर पांघरूण घालावं तसं, अगदी मायेनं म्हणाले — "छान झालाय. पण साखर एवढी नको घालत जाऊ, हाजरा. रेशनची आहे. अम्मांना पुरायला हवी."

साखरेचा कण नव्हता त्यात.

अंदाजानं बोलले. चहा आहे म्हणजे गोड असणार. मी समोर बसून बघतेय म्हणजे जास्त घातली असणार. माझा नवरा, चाळीस माणसांचा भंडारी, मला खूश ठेवायला अंदाजानं बोलतोय! कधीपासून? त्या तापापासून?

मी कप उचलून आत आले, विसळला, आणि विसळतच राहिले. चव न कळणाऱ्या भंडाऱ्याला कुठलं जहाज घेणार आता? मुंबईला जाऊन नाव कशाला लावणार? हे कुठेही जात नाहीत.

या अल्ला, राहू दे म्हटलं होतं मी. असं नव्हतं म्हटलं.